रुसक्या कलमाची चिठ्ठी

बाबा, पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, तुम्ही जन्मभर तेच केलंत. औषध कंपन्यांची पॅडं, कॅलेंडरची सरलेली पानं, माझ्या शाळेच्या वह्यांची उरलेली मागची बाजू, कोरी दिसली की तुमच्या खिशात जायची. आई म्हणायची, ह्यांना लग्नाची पत्रिका आली तरी आधी उलटी करून बघतील. आत्ता दुपार आहे. कामाच्या बायका जेवून पडवीत लवंडल्यात, आढीतल्या आंब्यांचा वास घरभर आहे, आणि मी तुमच्याच टेबलाशी बसले आहे, बाटल्यांचे गोल गोल डाग पडलेल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. लिहिण्याचं कारण ह्या मंगळवारी घडलं. ते सांगते, पण मला एखादी गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा जरा दमानं घ्या.

मंगळवारी रत्नागिरीत बचत गटाच्या बायकांसमोर माझं भाषण होतं. विषय त्यांनीच दिलेला, कमी खर्चात मालाची जाहिरात कशी करावी आणि आयुष्याचं ध्येय कसं ठरवावं. दोन्ही एकाच दुपारी, मध्ये चहा. अशी भाषणं मी आता बरीच करते. मुंबईच्या जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून बापाची बाग सांभाळायला आलेली मुलगी, हे लोकांना फार आवडतं. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. आणि ह्या भाषणात मी दरवेळी तुमची गोष्ट सांगते.

ती मी कशी सांगते, ते ऐका. माझे वडील पालीच्या बाजारात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, आमची चाळीस-एक हापूसची कलमं. जाहिरात हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. पण पेटी भरून झाली की वरच्या पेंढ्याखाली ते हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवायचे, आणि ती लिहायचे औषधाच्या पुडीवर लिहावं तशी. हा आंबा विहिरीकडच्या कलमाचा. डावीकडचे चार उद्या. मधले दोन दिवस थांबा. देठाशी सुरकुती आल्याशिवाय सुरी लावू नये. चुकल्यास कळवणे. इथे बायका हसतात. मग मी सांगते की त्यांनी प्रत्येक झाडाला नाव ठेवलं होतं. पायवाटेवरची म्हातारी, दगडी गडग्यातला तापट, आणि एक साल लागलं की दोन सालं तोंड फिरवणारं ते रुसकं. गिऱ्हाइकं पेटीच्या पोचेबरोबर झाडांची खुशाली विचारायची. गिरगावातल्या एक निवृत्त शिक्षिका दर मे महिन्यात पोस्टकार्ड पाठवायच्या, रुसक्याला माझा नमस्कार सांगा. आणि वडील खरंच जाऊन सांगायचे. एवढं झालं की मी जरा थांबते आणि म्हणते, बायांनो, एका पाठकोऱ्या कागदाला काय लागतं? टाळ्या होतात.

त्यानंतर ध्येयाचं. तिथंही तुम्हीच कामाला येता. पाडव्याला तांदळाचा डबा रिकामा करून पुसायचा आणि नवा तांदूळ भरण्याआधी तळाशी प्रत्येकानं एकेक चिठ्ठी टाकायची, यंदा मला काय करायचंय ते लिहून. पावसाळ्यात डब्यानं तळ गाठला की त्या निघायच्या. मी मुंबईहून आले त्या पाडव्याला मी लिहिलं होतं, पाच वर्षांत हजार पेट्या, स्वतःची गाडी, रत्नागिरीत फ्लॅट. तुम्ही लिहिलं होतं, रुसकं लागलं तर पहिली पेटी गिरगावला. तुमची चिठ्ठी वाचून मी हसले. म्हटलं, बाबा, हे काय ध्येय झालं? तुम्ही डब्यावर झाकण दाबत होतात. म्हणालात, "मग कसलं पायजे? झालं की मला कळेल असं लिवलंय. तुझं कधी झालं ते तुला कळेल काय गो?" हे वाक्य मी भाषणात सांगते तेव्हा बायका लिहून घेतात. माझं हसणं तेवढं मी गाळते.

तर मंगळवारी हे सगळं यथासांग झालं. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तर मागच्या रांगेतून एक बाई उठली. खाडीकाठच्या गावातली, डोक्यावरून ओढणी घेतलेली, नवरा कुवेतला. सुकट आणि सुके बोंबील विकते. तिला तुमची चिठ्ठी फार पटली होती. म्हणाली, "ताई, मी पण लिवीन. कुठल्या होडीचं, कुठल्या दिवशी सुकवलं, सगळं. पण एक सांगा, आमची होडी ज्या दिवशी जाणार नाय, आणि माल दुसरीकडनं घ्यावा लागंल, त्या दिवशी चिठ्ठीत काय लिवायचं?" मुद्दाम नाही विचारलं तिनं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मी काय उत्तर दिलं सांगू? म्हटलं, त्या दिवशी तुमची मेहनत लिहा. टाळ्या झाल्या. ती मात्र उभीच. जरा विचार करून म्हणाली, "बरं. आणि ते रुसकं कलम आमाला बघायचंय. रविवारी गटातल्या सगळ्या येऊ काय?" मी म्हटलं, या की. घरी येताना गाडी आपल्या फाट्यावरून पुढं गेली, वळवून आणावी लागली.

कारण दाखवायला रुसकं नाही, बाबा. चार वर्षांपूर्वीच्या वादळात ते मुळासकट आडवं झालं. बुंधा तेवढा आहे, बाकीचं आमच्या चुलीत गेलं. आणि तरी दरसाल प्रत्येक पेटीत तुमच्या अक्षरातली छापील चिठ्ठी जाते, हा आंबा रुसक्या कलमाचा. म्हातारीचा असो, तापटाचा असो, नाहीतर मी शेजारच्या बागेतून घेतलेला असो, चिठ्ठी एकच. पुणे, नाशिक, मुंबई, सगळीकडे लोक रुसक्याचे आंबे खातात. चिठ्ठीचा फोटो काढून मोबाइलवर टाकतात, खाली लिहितात, असा जिव्हाळा आता कुठे मिळतो. मी त्याला लाल बदामाचं चित्र पाठवते.

पण ही चिठ्ठी आली कुठून, ते मी कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या पेट्यांबरोबर गेल्या, घरात एकही राहायचं कारण नव्हतं. एकच राहिली. कुठल्या सालची, ते तुम्ही ओळखलं असेल.

मी आल्यानंतरचा तो दुसरा हंगाम. विहिरीच्या पायरीवरून घसरून तुमचा पाय मोडला होता आणि तुम्ही पडवीत स्टुलावर प्लास्टर ठेवून बसलेले असायचात. मोहोरावर अवकाळी पाऊस पडून त्याचा कोळसा झाला होता. मी मात्र त्याआधीच मुंबईतल्या ओळखीपाळखीत तुमच्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगून भरपूर मागणी घेऊन ठेवली होती. एकट्या गिरगावच्या बाईंनी त्यांच्या अख्ख्या चाळीची नावं दिली होती. मला नाही म्हणता येईना. एके दिवशी सकाळी घाटापलीकडून आंब्यांचा ट्रक आला, तो मी वरच्या रस्त्यावरच उतरवून घेतला, मागच्या दारानं. आई पेंढा भरत होती, तिला सगळं दिसत होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेंढ्यात हात घातला. मी पडवीत आले. तुम्ही विचारता, "कसं काय लागलंय गो, बाय?" मी म्हणते, बऱ्यापैकी आहे. मग तुम्ही जरा चाचरत विचारता, "आणि रुसकं?"

मी हो म्हटलं, बाबा. कशाला म्हटलं, ते आजवर माझं मला कळलेलं नाही. विहिरीकडचं म्हणाले असते तरी चाललं असतं. बहुतेक तुमचा चेहरा बघून म्हटलं. आणि तुम्ही इतके खूश झालात की आईला शिरा करायला लावलात. मांडीवर पाट घेतलात आणि लिहायला बसलात, हा आंबा रुसक्या कलमाचा. एका दुपारी इतक्या लिहिल्यात की एक उरली. गिरगावच्या पेटीतल्या चिठ्ठीवर तुम्ही खाली वेगळी ओळ घातली होती, यंदा राजी झालं आहे, आपला नमस्कार पोचला असावा. मी ती घडी घालून घाटावरच्या आंब्यावर ठेवली. शिरा खाताना मला ठसका लागला, एवढं आठवतं.

मे संपता संपता बाईंचं कार्ड आलं. पोस्टमननं ते थेट तुमच्या हातात दिलं. मला वाटलं, त्या खवळल्या असतील. पण नाही. लिहिलं होतं, यंदा रुसक्याची चव ओळखीची वाटली नाही. त्याची तब्येत बरी आहे ना? आणि तुमची? बस्, एवढंच. तुम्ही ते दोनदा वाचलंत. प्लास्टर काढून आठवडा झाला होता. काठी घेऊन एकटेच सड्यावर गेलात. मी घरापुढच्या खळ्यात उभी राहून बघत होते. तुम्ही झाडाखाली उभे राहून एकेक फांदी बघत होतात. ज्या झाडावरून फळ काढलंय त्याच्या फांदीवर कापलेले देठ दिसतात, हे मला तुम्हीच शिकवलेलं. रुसक्यावर त्या साली एकही नव्हता.

परत आलात, पाय धुतलेत, काठी कोपऱ्यात ठेवलीत. मी म्हटलं, आता बोलणार. मला दोन ठेवून दिल्या असत्या तरी बरं झालं असतं, तेव्हाही आणि आताही. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या हातानं लिवून घेतलंस." त्यात राग नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवल्यावर माणूस बोलतो तसे बोललात. त्यानंतर तुम्ही एकही चिठ्ठी लिहिली नाहीत. पुढच्या दोन हंगामांत पेट्या नुसत्याच गेल्या. कुणी विचारलं तर मी सांगायची, बाबांचा हात कापतो हल्ली. तुमचा हात कापत नव्हता. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या पुड्यांवर तुम्ही शेवटपर्यंत लिहीत होतात.

एवढं सांगून थांबता आलं असतं तर बरं होतं. ह्यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते आता लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाईंना कार्ड लिहिलंत. माझ्याकडे देऊन म्हणालात, पालीत जातेस तर पोस्टाच्या पेटीत टाक. मी ते वाटेत वाचलं. उतारावर, फणसाच्या सावलीत उभी राहून वाचलं. तुम्ही लिहिलं होतं, आपली शंका खरी आहे. रुसकं यंदा लागलेलं नाही. चिठ्ठी मी लिहिली, तेव्हा चूक माझी. झाड पुढल्या साली लागलं तर पहिली पेटी आपली. आपलं उत्तर आलं की पाठवीन. माझं नावसुद्धा नव्हतं त्यात. मुलीनं फसवलं, मुलगी नवीन आहे, कुठे काही नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन खाली सही केली होती. आणि मी काय विचार केला असेल? मी विचार केला, हे कार्ड चाळीत फिरलं तर पुढच्या साली तिथं एक पेटी जायची नाही. शेजारच्या चाळींत बोभाटा होईल. मी मोठी जाहिरातवाली, मला हे लगेच कळलं. कार्ड पर्समध्ये टाकलं, पालीतून साबण आणि चहा पावडर घेतली आणि घरी आले. तुम्ही विचारलंत, "टाकलंस काय गो कार्ड?" मी म्हटलं, टाकलं.

मग तुम्ही वाट बघायला लागलात. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की तुम्ही पडवीच्या पायरीपर्यंत यायचात. पहिल्या महिन्यात रोज विचारायचात, बाईंचं काय आलं? पुढं आठवड्यानं. मग विचारायचात नाही, नुसते माझ्याकडे बघायचात आणि मी मान हलवायची. पुढच्या साली रुसकं लागलं. तसं ते कधीच लागलं नव्हतं, फांद्यांना टेकू द्यायला लागले. मी म्हटलं, आता गिरगावला पाठवूया पहिली पेटी. तुम्ही म्हणालात, "उत्तर आल्याबिगर कशी पाठवायची? त्यांच्या मनात नसंल तर?" रुसक्याचे ते आंबे तुम्ही वाडीत वाटून टाकलेत. स्वतः फोडही खाल्ली नाहीत. मी खाल्ली, आणि गोड होती. बाईंनीही पुन्हा कधी कार्ड पाठवलं नाही. त्यांना वाटलं असेल, शंका विचारली म्हणून माणूस रागावला. दोन भली माणसं एकमेकांची मनं जपत गप्प बसली आणि मध्ये मी कार्ड दाबून बसले होते. त्याच्या पुढच्या श्रावणात तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात आई तुमच्या तोंडात पेज घालत होती तेव्हा तुम्ही मध्येच म्हणालात, "बाईंनी माफ नाय केलं." आईनं मला विचारलं, कोण बाई? मी म्हटलं, भ्रमिष्टासारखं बोलतायत. बाबा, ह्याला मला माफी नको. मागायला तोंडच नाही माझ्याकडे.

तुम्ही गेल्यावर जुन्या गिऱ्हाइकांनी चिठ्ठ्यांची आठवण काढली. मला उरलेली ती एक चिठ्ठी सापडली, आणि मी ती घेऊन छापखान्यात गेले. जी तुम्ही लिहिल्याचा तुम्हाला मरेपर्यंत सल राहिला, तीच. छापखान्यातला माणूस म्हणाला, काय सुंदर अक्षर आहे. माझी हजार पेट्यांची चिठ्ठी खरी झाली, बाबा. गाडीही आली, फ्लॅटही झाला. कधी झालं ते मला कळलं नाही, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

मंगळवारी घरी आल्यावर मी सगळ्यात आधी एक काम केलं. आढीतला एक आंबा हातात घेतला आणि चिठ्ठी लिहायला बसले. म्हटलं, आपण आपल्या हातानं खरं लिहू. हा आंबा, आणि पुढं अडलं. कुठल्या कलमाचा ते मला सांगता येईना. वास घेतला, देठ बघितला, उलटासुलटा केला. तुम्ही डोळे मिटून सांगायचात. मी इतकी वर्षं झाडांच्या गोष्टी विकते आणि मला माझ्या झाडाचं फळ ओळखता येत नाही. कामाच्या बायकांना विचारलं तर त्यातली एक चटकन म्हणाली, हा तापटाचा, ह्याची चोच बघा ना. मी मान हलवली, जणू मला माहीतच होतं.

उद्या रविवार. सुकटवाली बाई तिच्या गटाला घेऊन येईल. तुमचं कार्ड अजून माझ्याजवळ आहे, पर्सा बदलल्या तसं ते एकीतून दुसरीत आलं. कडा झिजल्यात, पण अक्षर लागतं. त्या सगळ्यांना मी सड्यावर बुंध्याशी नेणार आणि कार्ड त्या बाईच्या हातात देऊन म्हणणार, वाच. होडी गेली नाही त्या दिवशी काय लिहायचं, ते ह्यात आहे. हे मी काल ठरवलं आणि तांदळाच्या डब्यात चिठ्ठीही टाकली. पाडवा होऊन गेलाय, तांदूळ हल्ली पिशवीतून येतो, तरी टाकली. झालं की मला कळेल असं हे एकच काम माझ्या हातात उरलंय. गिरगावच्या बाईंपर्यंत ते पोचायचं नाही, तुमच्यापर्यंतही नाही. हे पत्रही कुठं जायचं नाही.

आणि आता हे पण सांगते. आज सकाळी छापखान्याचा टेम्पो आला. ह्या हंगामाचे गठ्ठे. परत पाठव, असं मनात म्हणत मी दारापर्यंत गेले आणि सही करून उतरवून घेतले. हे सगळं मी त्यातल्याच चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिते आहे. उलटी केली की दरवेळी तुम्ही म्हणता, हा आंबा रुसक्या कलमाचा, चुकल्यास कळवणे. ही सदतिसावी. गठ्ठा होता तेवढाच दिसतोय, आणि उद्या दुपारी, त्या बायका गेल्या की, पेट्या भरायच्या आहेत.